एकतीस खिडक्यांची झोप

इमारतीच्या दारावर सूचना लागली, ती मी तीनदा वाचली. पहिल्यांदा सवयीने, चुका शोधायला, दोन सापडल्या. दुसऱ्यांदा अर्थासाठी. आणि तिसऱ्यांदा, आपण वाचले ते खरेच तसे आहे का हे बघायला. इमारतीतल्या सगळ्या जुन्या वायरी बदलणार होते. सोमवारपासून अठरा दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, वीज बंद.

बायकोला सांगितले तर ती म्हणाली, "बरं झालं. स्वयंपाकघरातला दिवा कधीपासून डोळे मिचकावतोय माझ्याकडे. या वयात शोभतं का त्याला?"

मला मात्र धडकी भरली होती. मी पुस्तकांच्या सूची करतो. म्हणजे जाड पुस्तकाच्या शेवटी, कुठला विषय कोणत्या पानावर आला आहे, हे सांगणारी बारीक अक्षरातली पाने असतात ना, ती. कोणी मुद्दाम वाचत नाही. चूक झाली तरच वाचतात. हातात होते ते पुस्तक शेवाळावरचे, आठशे चाळीस पानांचे, एका वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी चाळीस वर्षे गुडघे टेकून अभ्यास करून लिहिलेले. त्याचे अर्धे काम झाले होते, आणि ते अर्धे काम माझ्या कंप्यूटरवर एकतीस खिडक्यांत उघडे पडले होते.

या खिडक्यांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण समजूतदार माणसे मला यावर हसतात. एक खिडकी म्हणजे माझा एक न सुटलेला प्रश्न. एका खिडकीत पान दोनशे बारा, कारण तिथे 'पाणी धरून ठेवणे' आहे. तिच्या शेजारी पान तीनशे सत्तर, कारण तिथे 'ओल टिकवणे' आहे. आणि या दोन नोंदी कराव्यात की एक, हे मला ठरवता येत नव्हते. असे एकतीस. कुठला प्रश्न कुठे आहे ते मला जागेवरून कळते: वरच्या डाव्या कोपऱ्यात बीजाणू, खाली उजवीकडे दगड. पूर्वी हेच टेबलावर असे, पालथी घातलेली पुस्तके. बायको तेव्हाही म्हणायची, "तुमच्या टेबलावर धूळ पुसायची म्हणजे परवानगीपत्र लागतं." प्रश्न कागदावर उतरवून ठेवायचा प्रयत्न मी केला आहे. उतरवले की ते शहाण्यासारखे दिसतात, आणि मुळात अडले कुठे होते तेच कळेनासे होते.

आता अडचण अशी की माझ्या लॅपटॉपला बॅटरी नव्हती. ती मागच्या वर्षी फुगली, दुकानदाराने काढून घेतली, आणि इतक्या जुन्या यंत्राची नवी मिळत नाही म्हणाला. त्यामुळे भिंतीतली वीज गेली की यंत्र त्याच क्षणी बंद. पाचनंतर आणि सकाळी दहापर्यंत मला काम करता आले असते. पण रोज एकतीस खिडक्या बंद करायच्या आणि रोज पुन्हा मांडायच्या, यातच संध्याकाळ संपली असती. बरे, सगळ्या आठवल्या असत्याच असेही नाही. मी एकाहत्तर वर्षांचा आहे.

प्रकाशनाच्या संपादकबाईंना मी हे ईमेलने पत्र धाडून कळवले. फोनवर माझी जीभ अडखळते. त्यांचे उत्तर तासाभरात आले, आणि ते इतके प्रेमळ होते की मी खुर्चीत बसूनच राहिलो. "काका, तुम्हाला त्रास होणार असेल तर अगदी मोकळेपणानं सांगा. आमच्याकडे आता एक प्रोग्रॅम आलाय, तो एका दुपारी सूची काढून देतो. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल."

त्या प्रोग्रॅमने केलेली एक सूची मी पाहिली होती. त्यात 'दगड' या शब्दापुढे दोनशे चौदा पानांचे आकडे होते. ज्याला दगडाबद्दल वाचायचे आहे त्याने त्यापेक्षा पुस्तकच वाचावे. पण खरे सांगायचे तर माझी धास्ती वेगळी होती. हे काम परत केले तर पुढचे कोणी देणार नाही, हे मला ठाऊक होते. आणि ते न देण्यात त्यांचे चुकेल असेही मला छातीठोकपणे म्हणता येत नव्हते.

मग मी शनिवारी, मला जे जमते ते केले. माहितीपुस्तिका वाचली. कंप्यूटर दोन प्रकारे झोपतो असे कळले. एका झोपेत तो सगळे स्मृतीतच धरून ठेवतो आणि विजेचा बारीक घोट घेत राहतो. वीज गेली की विसरतो. दुसऱ्या झोपेत तो डोक्यातले सगळे डिस्कवर उतरवून ठेवतो आणि पूर्ण बंद होतो. मग वीज असो नसो, जागा झाल्यावर सगळे परत डोक्यात भरतो आणि होता तिथून पुढे चालू. या दुसऱ्या झोपेला हायबरनेशन म्हणतात. माझ्या यंत्रावर ती चालू नव्हती. ती आपली आपण मांडून द्यावी लागते.

हे मी जेवताना बायकोला समजावून सांगितले. ती एकतीस वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "झोपवायला काय लागतं? कुणीही झोपवेल. आमचे भूलवाले डॉक्टर पगार घ्यायचे तो उठवण्याचा. मुंगीला फोन करा."

मुंगी म्हणजे माझी भाची. लहानपणी सतत काहीतरी ओढत नेत असायची म्हणून मुंगी. आता दुसऱ्या गावात मोठमोठ्या यंत्रांची देखभाल करते. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स नावाची प्रणाली तिनेच घालून दिली होती. रविवारी दुपारी फोन बायकोनेच लावला आणि माझ्या हातात कोंबला.

"मामा! तू जिवंत आहेस तर," मुंगी म्हणाली. ती काहीतरी कुरकुरीत खात होती. "बोल, काय मोडलंस?"

"मोडलं नाही गं. झोपवायचंय." मी सगळे सांगितले.

"अरे, मग आधी का नाही सांगितलंस? वाचत बसला असशील."

"वाचत होते," मागून बायको म्हणाली. "वहीत उतरवूनसुद्धा झालंय. शाईच्या पेनानं."

"मामी, स्पीकरवर ठेव ग. मामा, काळी खिडकी उघड. मी सांगते ते टाईप कर, आणि एंटर दाबायच्या आधी मला वाचून दाखव."

वाचून दाखवायचे म्हटल्यावर मला जरा बरे वाटले. तो माझा प्रांत आहे.

तिने आधी विचारले, स्मृती किती आहे. आठ जीबी. मग डिस्कवर आठ जीबीची एक रिकामी फाइल करायला लावली. "ही स्वॅप फाइल. झोपताना तुझं यंत्र डोक्यातलं सगळं हिच्यात ओतणार." ती केल्यावर दुसरी एक आज्ञा देऊन, ती फाइल डिस्कवर नेमकी कुठून सुरू होते, तो आकडा काढायला लावला. लांबलचक आकडा होता. तो मी दोनदा वाचून दाखवला.

"हा आता यंत्र सुरू होतानाच्या ओळीत लिहायचा," ती म्हणाली. "कारण जागं होताना त्याला काहीच माहीत नसतं. आपण कोण, कुठे, काही नाही. एवढा एकच पत्ता त्याच्या हातात असतो. तिथे जाऊन बघतं, आठवणी सापडल्या तर उचलतं. नाही सापडल्या तर आजच जन्मल्यासारखं उठतं."

"आणि जुन्या आठवणी?"

"गेल्या. म्हणून तर नीट लिही."

मी नीट लिहिले. मग ती नोंद यंत्राला पुन्हा वाचायला लावणाऱ्या दोन आज्ञा दिल्या, यंत्र एकदा बंद करून चालू केले, आणि चाचणीसाठी एक कोरे पान उघडून त्यात 'शेवाळ' असे लिहिले.

"आता झोपव," मुंगी म्हणाली. "झोपलं? पिन काढ भिंतीतून. सरळ उपट. दहा आकडे मोज."

मी वीस मोजले. पिन लावली, बटण दाबले. पडद्यावर काही ओळी धावल्या, आणि माझे पान समोर आले. 'शेवाळ'. पुढे चमकणारी ती उभी रेघसुद्धा जागच्या जागी.

"मामी, मामा रडतोय का?"

"नाही. पण चष्मा पुसतायत."

"मामा, आता एक ऐक. त्या फाइलला हात लावायचा नाही. हलवायची नाही, पुसायची नाही, काही नाही. झालं आपलं काम."

तिचे झाले होते. माझे मात्र कधी असे होत नाही. संध्याकाळी मी एकतीस खिडक्या पुन्हा एकेक करून मांडल्या. यंत्र बंद करून चालू करण्याआधी त्या मी वहीत टिपून घेतल्या होत्या. आणि सोमवारी सकाळी सहाला जाग आली ती एका शंकेसह. स्मृती आठ आणि फाइलही आठ. नेमकी तेवढ्यास तेवढी? एकतीस खिडक्या आणि त्यांतली ती चित्रांची पाने, सगळे त्यात मावेल का? समजा एखादी बाहेर राहिली तर? मुंगीने हलवायची नाही म्हटले होते, पुसायची नाही म्हटले होते; मोठी करायची नाही असे काही म्हणाली नव्हती. मी शब्दांना धरून चालणारा माणूस आहे. वही उघडली, फाइल करायच्या तिच्याच आज्ञा पुन्हा दिल्या आणि आठाच्या जागी बारा जीबीची फाइल करून ठेवली. यंत्राने तक्रार केली नाही. मला फार सुरक्षित वाटले.

दहाला पाच कमी असताना यंत्र झोपवले. दहाला वायरमन आला. उंच, बडबड्या माणूस. शिडीवर चढूनही त्याचे तोंड चालूच. "तुमच्या भिंतीत काय वायरी आहेत, साहेब! म्युझियमवाल्यांना बोलवा." दिवसभर तो ठोकत होता आणि मी खिडकीशी बसून, म्हणजे खऱ्या खिडकीशी, छापील पाने वाचत होतो. मन हलके होते.

पाचला दिवे आले. मी बटण दाबले. ओळी धावल्या, थांबल्या, पुन्हा धावल्या, आणि समोर निळा मोकळा पडदा आला. खिडकी एकही नाही. आज जन्मल्यासारखा.

बराच वेळ मी काही दाबलेच नाही, जणू न दाबल्याने काही फरक पडणार होता. सूचीची मुख्य फाइल शाबूत होती, ती जपून ठेवायची सवय मला आहे. पण वहीतली यादी रविवारची होती. त्यानंतर रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी मी कितीतरी जागा बदलल्या होत्या, नवे प्रश्न उघडले होते. आणि मुख्य म्हणजे, आज हे झाले तर उद्याही होणार होते. पुढचे सतरा दिवस.

मुंगीला फोन करावा असे बायको दोनदा म्हणाली. मला लाज वाटली. एवढे सांगून, एवढे वाचून दाखवून. मी संपादकबाईंना पत्र लिहायला घेतले. 'आपल्या सूचनेप्रमाणे' इथपासून सुरू झालेले ते पत्र चांगले झाले होते. कामे परत करण्याची पत्रे मला नेहमीच चांगली जमतात. बायकोने खांद्यावरून वाचले.

"शुक्रवार कधी आहे?" तिने विचारले.

"शुक्रवारी."

"मग आज सोमवारी कशाला पाठवताय? वेळेआधी पोचून कोण शाबासकी देणार आहे?"

पत्र तसेच ठेवले.

मंगळवारी दहाला वीज गेली. कंप्यूटर मी सरळ बंद करून ठेवला होता. हातात काही हवे म्हणून छापील पाने घेतली. एक कंटाळवाणे काम राहिले होते, ते काढले. शेवाळाच्या बाईंनी दुसऱ्या प्रकरणात ऐन वेळी चार पानांची भर घातली होती. भर चांगलीच होती, बर्फाखालच्या शेवाळावर. पण तिच्यामुळे पुढचा सगळा मजकूर चार पानांनी सरकला होता, आणि मी आधी केलेल्या नोंदींचे आकडे जुन्या पानांचे होते. 'मुळांसारखे तंतू' माझ्या सूचीत एकशे नव्वदवर होते. पुस्तकात ते आता एकशे चौऱ्याण्णववर गेले होते. एकशे नव्वदवर जाणाऱ्या वाचकाला तिथे बेडूक भेटला असता. एकेक आकडा खोडून मी चार वाढवून लिहीत होतो. हे काम करताना डोके मोकळे असते. साठ-सत्तर आकडे झाले असतील.

मग पेन थांबले.

फाइल मी नवी केली होती. नवी म्हणजे नव्या जागी. बारा जीबीला डिस्कवर जिथे जागा मिळाली तिथे ती बसली असणार. जुनी होती तिथेच ती कशाला बसेल? आणि सुरू होतानाच्या ओळीत मी लिहिलेला आकडा रविवारचा, जुन्या फाइलचा. मजकूर सरकला होता आणि सूची तशीच राहिली होती. यंत्र बिचारे मी दिलेल्या पानावर गेले, तिथे बेडूक होता, आणि ते उठून बसले.

उभे आयुष्य मी दुसऱ्यांच्या पुस्तकांत हीच चूक पकडत आलो. एका पुस्तकाची संपूर्ण आवृत्ती मी यासाठी थांबवली होती, आणि तिथला व्यवस्थापक माझ्यावर वर्षभर रागावला होता.

मी हसलो बहुधा, कारण शिडीवरून वायरमन म्हणाला, "काय साहेब, पुस्तकात विनोद आहे का?"

"नाही, शेवाळ आहे," मी म्हणालो.

तो पुन्हा ठोकायला लागला.

पाचला दिवे आले तेव्हा मी वही उघडून तयार होतो. आकडा काढायची आज्ञा दिली. नवा आकडा आला, जुन्याशी एकाही अंगाने न जुळणारा. तो ओळीत लिहिला, मोठ्याने वाचला, उलट्या क्रमानेही वाचला, मुद्रितशोधनाची जुनी खोड. नोंद पुन्हा वाचायला लावणाऱ्या दोन्ही आज्ञा दिल्या, यंत्र एकदा बंद करून चालू केले. मग खिडक्या मांडायला बसलो. वहीवरून आणि आठवून सव्वीस मांडल्या गेल्या. पाच काही केल्या सापडल्या नाहीत. त्यातल्या दोन दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना आठवल्या. उरलेल्या तीन प्रश्नांवाचून सूचीचे काही अडले नाही, तेव्हा ते प्रश्न असतील तरी किती मोठे?

चाचणी घेतली नाही. खरे तर घ्यायला हवी होती. पण चाचणीत जमले असते तर मी पुन्हा काहीतरी सुधारले असते, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

बुधवारी पावणेदहाला अठ्ठावीस खिडक्या उघड्या होत्या. मी त्या वेळी 'छत्रीसारखी टोपी' ही नोंद लिहीत होतो, आणि मुद्दामच ती 'छत्रीसा' इथे अर्धवट सोडली. झोपण्याची आज्ञा दिली. पडदा काळा झाला, शेजारचा छोटा दिवा लुकलुकला, विझला. दहाला भिंतीतली वीज गेली.

तो दिवस फार मोठा होता. बायकोने मला सगळी कपाटे पुसायला लावली.

पाच वाजून चार मिनिटांनी दिवे आले. बटण मी दाबले, पण बघायला बायकोला बोलावले. ती ओल्या हातांनी येऊन उभी राहिली. ओळी धावल्या. आकडे चढत गेले, दहा, चाळीस, नव्वद. पडदा एकदा काळा झाला.

मग सगळ्या आल्या. वर डावीकडे बीजाणू. खाली उजवीकडे दगड. मधोमध 'छत्रीसा', आणि त्यापुढे ती उभी रेघ, लुकलुकत, जणू मी नुसता पाणी प्यायला उठलो होतो.

बायको वाकून बघत राहिली. "शुद्धीवर आलाय," ती म्हणाली. "नाडी चांगली आहे." आणि जाता जाता, "हे कुणी केलं? मुंगीनं की तुम्ही?"

"अर्धं तिनं. बिघडवलं मी. आणि उरलेलं..." मला वाक्य पुरे करता येईना.

"उरलेलं तुम्ही," तिने पुरे केले. "म्हणायला एवढं जड जातंय!"

मुंगीला मी त्याच वेळी सगळे लिहून कळवले, बारा जीबीसकट. तिचे उत्तर आले: "मोठी करणं म्हणजे हात लावणंच असतं, मामा!!! पण आकड्याचं तुझं तुला कळलं? हे आमच्याकडच्या पोरांना अर्धा अर्धा दिवस कळत नाही." त्यातला दुसरा भाग मी दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचणे बरे दिसले नसते.

घड्याळात सव्वापाच झाले होते. प्रकाशनाचे कार्यालय साडेपाचला बंद होते. पत्र लिहायला बसलो असतो तर गुरुवार उजाडला असता, आणि त्यात मी 'शक्य झाल्यास' घातले असते. म्हणून फोन लावला. कुणी न सांगता, स्वतःच.

"काका?" संपादकबाई म्हणाल्या. "तुम्ही आणि फोन? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. सूचीचं सांगायचं होतं." घसा खाकरला. "ती मी करतो."

"पण तुमच्याकडे वीज नाही ना?"

"नाही. म्हणजे संध्याकाळी असते. दिवसा कंप्यूटर झोपतो."

"झोपतो?"

"आणि उठतो," मी म्हणालो. "आज उठला."

त्या हसल्या, मला वाटते मनापासून. "काका, मला त्यातलं काही कळलं नाही, पण खूप बरं वाटलं. खरं सांगू? शेवाळाच्या बाई माझ्यामागे लागल्या होत्या. त्या प्रोग्रॅमचा नमुना त्यांना पाठवला होता मी. त्या म्हणाल्या, हे ज्यानं केलंय त्यानं आयुष्यात शेवाळाला हात लावलेला नाही."

हात तर मीही लावलेला नव्हता. ते मी त्यांना सांगितले नाही.

"किती दिवस लागतील?" त्यांनी विचारले.

एरवी मी 'बघू, जमेलसं वाटतं' म्हणतो. या वेळी म्हणालो, "पाच आठवडे."

"लिहून घेते," त्या म्हणाल्या, आणि पेनाचा आवाजही आला.

फोन ठेवला. 'छत्रीसारखी टोपी' पुरी केली, तिच्यामागून आणखी नऊ नोंदी. बायको चपला घालून दारात आली.

"चालायला येताय?"

"दहा मिनिटं."

"तुमची दहा मिनिटं मला पाठ आहेत," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी आणखी एक नोंद केली. खिडकीतून पाहिले तर ती रस्त्याच्या कोपऱ्यावर पोचली होती, सावकाश चालत, मुद्दाम सावकाश. खिडक्या तशाच उघड्या ठेवून मी झोपायची आज्ञा दिली, यंत्राचा छोटा दिवा विझण्याची वाट न बघता कोट घेतला आणि निघालो. अर्ध्या जिन्यावरून एकदा परत आलो. विझला होता. मग मात्र भरभर उतरलो आणि तिला गाठले.